मुकुटाची सावली

बातमी मला बहरीनच्या राजधानीत, मनामात, बाब अल बहरीन या वेशीमागच्या गल्लीतल्या एका तेलुगू शिंप्याने सांगितली. कात्री खाली ठेवून तो म्हणाला, "सार, देव गेला." मी त्याला तिथल्या तिथे दुरुस्त केले. "देव जात नसतात. वीरय्या गेला." मी मृताचा अपमान केला, अशा नजरेने तो माझ्याकडे पाहत राहिला. त्याला आता सहा आठवडे झाले. दरम्यान मनामात भरलेल्या शोकसभेला मी गेलो आणि एकाच घटनेच्या दोन हकिगती ऐकून परतलो. व्यासपीठावरून सांगण्यात आले, की या महान नटाने आणि माजी मुख्यमंत्र्याने इथल्या भेटीत एका शब्दासरशी सित्रा बेटावरच्या कामगारांचे पासपोर्ट सोडवले. बाहेर चहा घेताना त्याच्या विरोधी पक्षाचा एक गृहस्थ हलक्या आवाजात सांगत होता, की कामगारांचा अर्ज वीरय्याने वाचला आणि भिरकावून दिला. दोघेही खोटे बोलत होते. अर्ज माझ्या हस्ताक्षरातला होता आणि मी त्या खोलीत हजर होतो.

वीरभद्रराव हे नाव त्याला पडद्याने दिले. मी ओळखू लागलो तेव्हा तो नुसता वीरय्या होता आणि मद्रासच्या एका स्टुडिओत राजदरबाराच्या देखाव्यात भालदारांच्या रांगेत मागे उभा राहत असे. मी बल्लारपूरचा, त्यामुळे तेलुगू लहानपणापासून कानावरची. स्टुडिओत मी दिवे लावण्याच्या कामाला होतो. माझी जात कळल्यावर सेटवरच्या काही जणांनी माझ्याजवळ जेवायला बसणे सोडले, तेव्हा हाच भालदार माझ्या डब्यातली भाकरी मोडून घेई आणि तोंड भरलेले असतानाच म्हणे, "मेस्त्री, तिखट कमी पडलं." त्याच्यावर चरित्रे लिहिणाऱ्या एकालाही ही भाकरी ठाऊक नाही. पुढे त्याला देवांच्या भूमिका मिळू लागल्या. उंच मुकुटाची एक अडचण असते. वरून दिवा टाकला, की मुकुटाची सावली डोळ्यांवर पडते आणि देव आंधळा दिसतो. ती सावली घालवणे हे माझे काम. मी समोरचा दिवा इंच इंच खाली आणत असताना तो आशीर्वादाचा हात उंचावून निश्चल उभा राही. "डोळे दिसतात का, मेस्त्री?" "दिसतात. हात खाली घे आता, दुखेल." "राहू दे. खाली घेतला, की उगाच माणूस झाल्यासारखं वाटतं." आम्ही दोघेही हसलो होतो... हसायला नको होते, हे मला फार उशिरा कळले.

तो राजकारणात गेला तोवर मी इथे, सित्र्याला, विजेच्या देखभालीच्या कामावर रुळलो होतो. कामगारांच्या कॅम्पमध्ये शुक्रवारी त्याच्या पौराणिक चित्रपटाची कॅसेट लागली, की माणसे चपला दाराबाहेर काढत आणि टीव्हीसमोर नारळ फोडत. तो निवडून आला, गाडीच्या टपावर उभा राहून राज्यभर हिंडला, आणि वृत्तपत्रांतल्या प्रत्येक छायाचित्रात तो हात तसाच वर होता. मी अभिनंदनाचे पत्र पाठवले. उत्तर छापील आले, सहीच्या जागी शिक्का. त्याचे मला वाईट वाटले नाही, असे मी वर्षानुवर्षे सांगत आलो.

सत्ता गेल्यावर तो बहरीनला आला. ज्यांनी त्याला खुर्चीवरून उतरवले ते त्याचेच लोक होते, आणि इथल्या चाहत्यांना मात्र तो अजून सिंहासनावरच हवा होता. त्या आठवड्यात येल्लय्या नावाच्या वेल्डरची आई गावी अखेरच्या घटका मोजत होती. त्याचा पासपोर्ट कंत्राटदाराच्या कपाटात. विचारायला गेला, की एकच उत्तर: "काम खलास होईपर्यंत पासपोर्ट मफी." मफी म्हणजे नाही. वीरय्या त्या संध्याकाळी भारतीय वकिलातीच्या अधिकाऱ्यांसोबत जेवणार होता. त्याने तिथे एक शब्द टाकला असता, तर येल्लय्याला आईचे तोंड दिसण्याची आशा होती. म्हणून मी एकपानी अर्ज इंग्रजीत लिहिला आणि कॅम्पमधल्या सगळ्यांच्या सह्या व अंगठे घेतले.

दुपारी तो कॅम्पमध्ये आला. लाल कापड टाकलेल्या खुर्चीत त्याला बसवले. मोगऱ्याचे हार, हळद-कुंकू, कापूर... आणि त्याने हात उंचावला. माणसे रांगेने पायांवर डोके ठेवू लागली. संयोजक माझ्या कानाशी म्हणाला, "वाका की सार, फोटो काढताहेत." मी म्हणालो, "धर्मांतरानंतर आमच्या घरात कोणी वाकलेलं नाही. त्याला सांगा, मेस्त्री आलाय. तो उठून येईल." कोणी सांगितले नाही. मी अर्ज येल्लय्याच्या हाती दिला आणि बजावले, "त्याच्या हातात द्यायचा. हातातच." येल्लय्याने मान हलवली, पुढे गेला आणि तो कागद त्याच्या पायांपाशी, फुलांत ठेवला. देवाच्या हातात कोणी काही देत नाही. आणि पायाशी वाहिलेले आरतीनंतर प्रसाद म्हणून परत घ्यायचे असते. आरती झाली, फुले वाटली गेली, आणि येल्लय्याने स्वतःच तो अर्ज उचलून डोळ्यांना लावला आणि खिशात ठेवला.

मी भिंतीजवळून ओरडलो, "वीरय्या, हात खाली घे!" त्याने माझ्याकडे पाहिले. ओळखले. किंचित हसलाही. हात खाली आला नाही. पायाशी काय ठेवले आहे, हे त्याने एकदाही वाकून पाहिले नाही, हा त्याचा अपराध आणि तो मी माफ करणार नाही. परंतु त्याने अर्ज भिरकावला नाही. तो त्याच्यापर्यंत पोचलाच नाही. गाडी बराच वेळ दाराशी थांबली होती. येल्लय्याच्या खिशातून कागद काढून गाडीच्या काचेतून आत द्यायला मला वीस पावले पुरली असती. मी वाट पाहत होतो... त्याने मला हाक मारावी म्हणून.

तिसऱ्या दिवशी येल्लय्याची आई गेली. मी भेटलो तेव्हा उलट त्यानेच माझी समजूत घातली. "कागद त्यांच्या पायाशी पोचला होता, सार. तिची वेळच भरली होती." त्याच्याशी वाद घालण्याचे धैर्य, एवढे वाद जिंकलेल्या मला, झाले नाही.

शोकसभेनंतर मी कॅम्पमध्ये गेलो. येल्लय्या करार संपवून केव्हाच गावी परतला आहे. त्याच्या जागी आलेल्या माणसाने मला आत नेले. दुमजली पलंगाच्या खालच्या बंकाशेजारी एका ट्रंकेवर वीरय्याचा मुकुटातला फोटो होता, त्याला नवा हार घातलेला. शेजारी काचेच्या चौकटीत तो अर्ज. कुंकवाने निम्मे अंगठे झाकलेले. "हे काय आहे?" मी विचारले. "देवानं येल्लय्याला दिलेला कागद आहे, सार. इंग्रजीत आहे, आम्हाला येत नाही. तुम्ही वाचून दाखवता का?"

ट्रंक गुडघ्याएवढीच उंच होती. उभ्याने अक्षर लागेना. मी चपला काढल्या, वाकलो, आणि माझेच अक्षर वाचू लागलो.