प्रमाणापुरती बाई

आमच्या स्टुडिओत शिरलं की समोरच्याच भिंतीवर समुद्राचा एक मोठा फोटो आहे. आलेलं माणूस आधी म्हणतं, "वा! काय समुद्र आहे!" मग जरा जवळ जातं आणि म्हणतं, "पण हा काळा डाग कसला हो? एवढा चांगला फोटो, आणि डाग तसाच ठेवलात?" ओळखीचं कोणी असलं तर वर शहाणपणा शिकवतं, "तुमचं तर कामच डाग घालवायचं ना!"

आहेच. तीस वर्षं तेच करतेय मी. निगेटिव्हवरचे ओरखडे पेन्सिलीने भरायचे, छापलेल्या फोटोवरचे पांढरे ठिपके बारीक ब्रशने बुजवायचे, लोकांचे मिटलेले डोळे उघडायचे. या गावात एकाही नवरीच्या गालावर मी मुरूम राहू दिलेला नाही. पण त्या डागाला मी हात लावणार नाही. तिथे माझी ताई उभी आहे.

ताई माझ्याहून सहा वर्षांनी मोठी. तिचं लग्न या गावातल्या फोटोग्राफरशी झालं, माझं कुठेच जमलं नाही. तेव्हा तिनेच मला इकडे बोलावून घेतलं आणि भाऊजींच्या हाताखाली लावून दिलं. पुढे दुकान, मागे डार्करूम, वर दोन खोल्या. दोन्ही खोल्यांना फोटो धुवायच्या औषधांचा आंबट वास, तो चहालासुद्धा यायचा. भाऊजी दिवसभर ओळखपत्रांचे फोटो काढायचे. "मान वर. हनुवटी खाली. हलू नका." पण माणसांत त्यांचा जीव कधी रमला नाही. त्यांचा सगळा जीव समुद्रात. आठवड्यातून एकदा, दुकान उघडायच्या आधी, ते मोठा लाकडी कॅमेरा आणि तिवई खांद्यावर टाकून बंदरापलीकडच्या खडकांवर जायचे. आणि बरोबर ताईला न्यायचे.

"सुंदर फोटो कोणीही काढेल," ते म्हणायचे. "सूर्य बुडताना बटण दाबलं की झालं. मला सुंदर नकोय. बघणाऱ्याच्या पोटात गोळा आला पाहिजे." आणि तो गोळा आणायची त्यांची एक रीत होती. नुसता समुद्र काढला तर कागदावर डबकं दिसतं, असं त्यांचं म्हणणं. लाट घराएवढी आहे की बादलीएवढी, बघणाऱ्याला कळणार कसं? म्हणून खडकाच्या टोकाला एक माणूस उभं करायचं. लहानसं, आणि पाठमोरं. "चेहरा दिसला की संपलं," म्हणायचे. "मग लोक चेहरा बघत बसतात, समुद्राकडे कोणी ढुंकून बघत नाही."

खोटं कशाला बोलू, फोटो जबरदस्त असायचे. एक मला आठवतो. आभाळ शिशासारखं, आणि खडकाच्या दुप्पट उंचीची लाट येऊन फुटायच्या बेतात उभी राहिलेली. तिच्यासमोर काळी शाल गुंडाळलेली एवढीशी बाई. मी तो पहिल्यांदा औषधातून वर येताना पाहिला आणि माझा हातच थांबला. ही माझी बहीण आहे, आज सकाळी हिने मला चहा दिलाय, हे माहीत असूनही छातीत धस्स झालं. भाऊजी मागून म्हणाले, "बघ, आला ना गोळा?" आला होता. पण मला आला तो ताईसाठी, आणि ते खुळे खूश झाले समुद्रासाठी.

ताई चपला तिवईपाशी काढून अनवाणी पुढे जायची, कारण चपलांनी शेवाळावर पाय सरकायचा. लाटांच्या आवाजात हाक ऐकू जात नाही, म्हणून भाऊजींनी शिट्ट्या ठरवल्या होत्या. एक शिट्टी म्हणजे हलू नकोस. दोन शिट्ट्या म्हणजे झालं, ये. मनासारखी लाट येईपर्यंत कधी पाच मिनिटं, कधी तासभर. ती तिथे उभी राहून आठवड्याचं सामान मनात जुळवायची. घरी आली की ओली शाल दोरीवर टाकायची आणि भाजी चिरायला बसायची. असं बावीस वर्षं. फोटो झाले अकराशेच्या वर. मी कधी विचारलं, "ताई, कंटाळा नाही येत?" तर म्हणायची, "अगं, दिवसभर त्यांच्याशी गिऱ्हाइकं बोलतात. तिथे निदान मला एकटीला शिट्टी वाजवतात."

आणि तिचा स्वतःचा फोटो? छे! लग्नाचा अल्बम होता, पण एका वर्षी दुकानात पाणी शिरलं आणि पानं एकमेकांना चिकटून त्याची वीट झाली. एकदा ती भाऊजींसमोर स्टुलावर बसली होती, ते मला पक्कं आठवतं. केस विंचरलेले, दिवे लावलेले, भाऊजींचं डोकं काळ्या कापडात. तेवढ्यात सहा माणसांचं एक कुटुंब दारात आलं. ताई टुणकन उठली. "आधी त्यांचं करा. आपलं काय, घरचंच आहे, कधीही काढू." ते 'कधीही' काही उगवलं नाही. मोबाईलवर फोटो काढायचे दिवस तेव्हा आले नव्हते.

मग एकदा शहरातून एक मोठा माणूस भाऊजींचे फोटो बघायला आला. प्रदर्शनं भरवणारा होता. तास-दीड तास बघत बसला आणि त्या लाटेच्या फोटोवर बोट ठेवून म्हणाला, "ही बाई कोण?" भाऊजी घाईघाईने म्हणाले, "कोणी नाही हो. ती आपली प्रमाणापुरती. समुद्र केवढा आहे ते कळावं म्हणून." ताई त्याच क्षणी चहाचे कप घेऊन जिना उतरत होती. तिने कप ठेवले, साखर विचारली आणि वर निघून गेली. मला इतका राग आला की ब्रश मोडावासा वाटला. पण तोच ब्रश घेऊन मी पुन्हा ठिपके बुजवायला लागले. भाऊजींच्या मनात पाप नव्हतं. आपण काय बोललो, हे त्यांच्या गावीही नव्हतं.

त्यानंतर ताई मधूनमधून चुकायला लागली. एक शिट्टी वाजली की ती नेमकी वळायची, थेट कॅमेऱ्याकडे. भाऊजी चिडचिड करत घरी यायचे. "अशी लाट पुन्हा येत नाही! हिला उभंसुद्धा राहता येत नाही!" मीही तिला बोलायचे. "ताई, सरळ उभी राहत जा ना गं. फुकट फिल्म जाते." ती नुसती हसायची आणि म्हणायची, "वारा होता."

आता आमची एक शिस्त सांगते, म्हणजे पुढचं कळेल. बऱ्याच वर्षांपूर्वी एक फसलेली निगेटिव्ह चुकून मोठ्या आकारात छापून बाहेर गेली होती आणि भाऊजींची फार नाचक्की झाली होती. तेव्हापासून नियमच झाला. भाऊजी खराब निगेटिव्हवर चूक असेल तिथे लाल फुली करून माझ्या टेबलावर ठेवणार, आणि मी तिकीट तपासनिसाच्या पंचने नेमकं त्या फुलीवर भोक पाडणार. भोक पडलेली निगेटिव्ह छापली तर तिथे काळा गोळा येतो, म्हणजे फसायला वावच नाही. मग ती पत्र्याच्या डब्यात टाकायची. फेकायची नाही, त्यातली चांदी पुढे विकता येते म्हणून. समुद्राच्या निगेटिव्ह तळहाताएवढ्या असतात, आणि त्यात ताई तांदळाच्या दाण्याएवढी. पंच बसला की ती पायापासून डोक्यापर्यंत जायची. कट् करून आवाज यायचा. मी रेडिओ ऐकत ते काम करायचे.

ताईला फुफ्फुसाचं दुखणं झालं. थंड वाऱ्याने झालं असं मी म्हणत नाही, डॉक्टरही म्हणाले नाहीत. पण मनात येतं ते येतंच. दवाखान्यात तिच्या उशाशी मी बसले होते. तिची मुलगी परदेशातून निघाली होती, अजून पोचायची होती. ताईला धाप लागायची, चार शब्द बोलून थांबायची. म्हणाली, "पोरीकडे माझा एक फोटो नाही. लहान असताना विचारायची, आई, यात तू कुठे आहेस?"

"बरी हो, काढू आपण," मी म्हणाले.

"आता काय, हा चेहरा नको." तिने माझा हात धरला. "खराबच्या डब्यात बघ. मी वळायचे ना? मुद्दाम वळायचे गं. म्हटलं, समुद्राबरोबर का होईना, चेहरा निघेल. चौदा वेळा वळले. मोजलेत मी. भाऊजी म्हणतात ना तुझे, त्या कॅमेऱ्यातून पासपोर्टएवढा चेहरा सहज मोठा करता येतो. एखादा चांगला बघ आणि पोरीला दे. देशील ना?"

"देईन," मी म्हणाले.

दुसरं काय म्हणणार होते? माझ्या कानात तो कट् आवाज वाजत होता. एकेक करून चौदा वेळा. ती समाधानाने डोळे मिटून पडली, आणि मी तिच्या हातातून माझा हात सोडवून घेतला. त्या हाताने मला तिला धरवेना. चौथ्या दिवशी ती गेली.

मुलगी पोचली तेव्हा सगळं आटोपलं होतं. महिनाभर राहिली. एक दिवस जेवताना म्हणाली, "बाबा, आईचा एक फोटो द्या मला. तिचा चेहरा आठवायला गेले की आता फक्त दवाखान्यातला डोळ्यांसमोर येतो. तो पुसायचाय मला."

"अगं, फोटोंना काय तोटा!" भाऊजी म्हणाले आणि अर्ध्या जेवणावरून उठले. सगळी पाकिटं त्यांनी जमिनीवर ओतली. पाठ, पाठ, पाठ. अकराशे फोटोंत काळी शाल आणि पाठ. ते खाली बसले. मग एकदम त्यांचा चेहरा उजळला. "थांब, थांब! ती वळायची! मी किती ओरडायचो तिला! खराबच्या डब्यात असणार!" आणि साठीचा तो माणूस पोरासारखा धावत जिना उतरला.

मी मागून गेले. त्यांनी डब्यातली एक निगेटिव्ह उजेडाच्या काचेवर ठेवली. भोकातून उजेड आरपार आला आणि त्यांच्या गालावर त्याचा ठिपका पडला. दुसरी ठेवली. तिसरी ठेवली.

"सगळ्यांत?" त्यांनी विचारलं.

"सगळ्यांत. चूक असेल तिथेच मारायचं, असं तुम्हीच सांगितलं होतं," मी तडकून म्हणाले. "ती चुकत नव्हती, भाऊजी. मुद्दाम वळत होती. चेहरा यावा म्हणून. तुम्ही कधी काढला नाहीत, म्हणून!"

त्यांनी भोकाच्या कडेवरून बोट फिरवलं. मग म्हणाले, "फुली मी केली." आणि थोड्या वेळाने, "पण मारताना तुला दिसली असेल ना गं ती?"

दिसायची. भिंगातून बघून तर मारायचे मी, नेम चुकू नये म्हणून. त्या भिंगाखाली ती माझ्याकडे तोंड करून उभी असायची, आणि मी फक्त फुली बघायचे. मी जिन्याच्या पायरीवर बसले आणि हमसून हमसून रडले. ताई गेली तेव्हासुद्धा तशी रडले नव्हते.

"तू काढ," भाऊजी शेवटी म्हणाले. "तुला येतं. अख्ख्या गावाचे मिटलेले डोळे तू उघडलेत. आठवून काढ." ताईला शब्द दिला होता, म्हणून बसले. आठ दिवस बसले. जाड कागद, बारीक ब्रश, पासपोर्टएवढी चौकट. भुवया जमल्या. कपाळ जमलं. नाकाशी अडले. रोज समोर बसून जेवणाऱ्या बहिणीचं नाक मला आठवेना. मग आरसा घेतला, कारण आमचं नाक एकच, असं सगळे म्हणायचे. नाक झालं, मग ओठांसाठी एकदा बघितलं, मग हनुवटीसाठी. शेवटी जिवंत चेहरा उतरला. मी स्वतःवर खूश झाले. मुलीच्या हातात दिला.

तिने खिडकीशी जाऊन बघितला. खूप वेळ बघितला. परत आली, मला जवळ घेतलं आणि हळूच म्हणाली, "मावशी, ही तू आहेस."

ती जाताना काही न घेता गेली. भाऊजींना भिंतीवर तो लाटेचा फोटो लावायचा होता, बक्षीस मिळालेला. मी आडवी आले. डब्यातल्या चौदांपैकी एक काढली, स्वतः छापली, खिळा स्वतः ठोकला. आता रोज सकाळी दुकान उघडलं की भाऊजी त्याच्यासमोर उभे राहतात, आणि मग मागे जाऊन दिवे लावतात. समुद्रावर ते पुन्हा गेले नाहीत.

म्हणून सांगते, तो डाग बुजवा म्हणून मला कोणी सांगू नका. अकराशे फोटोंत ताईने आमच्याकडे पाठ केलेली आहे. या एका फोटोत ती वळून आमच्याकडे बघते आहे, आणि तेवढीच जागा मी माझ्या हाताने काढून टाकली आहे.