नलूची कोरी चकती

हे मी आजवर कुणापाशीही बोललो नाही. भावापाशी नाही, देवापाशी तर नाहीच. त्याला काय सांगायचं, तो बघतच होता. तुमची माझी ओळख नाही, म्हणून तुम्हाला सांगतो.

एकाहत्तरच्या लढाईचे दिवस. जबलपूरच्या एका फॅक्टरीत मी केमिस्ट होतो. ओव्हरटाइमला अंत नव्हता. बारूद तपासा, सही करा, पुढचा डबा उघडा. माझी बायको नलू कॉलेजच्या लॅबमध्ये कुड्याच्या सालीवर काम करत होती. सिहोऱ्याहून साल आणायची, कुटायची, स्पिरिटमध्ये भिजवायची. त्या अर्कानं जखमेत पू करणारे जंतू मरतात, असं तिला दिसलं होतं. नागपूरचे एक मोठे प्रोफेसर ते बघायला येणार होते. त्यांना पटलं, तर त्यांच्याच लॅबमध्ये तिला जागा मिळणार होती.

मला आनंद व्हायला हवा होता ना? मी जळत होतो — अगदी पोटातून. हळदीकुंकवाला तिला सोडायला गेलो की बायका विचारायच्या, "नलूताईंचे मिस्टर तुम्हीच का?" मी हसायचो. हसायला काय लागतं? घरी येऊन मात्र भाजीत मीठ नाही म्हणून ताट सरकवायचो. मीठ बरोबर असायचं.

प्रयोग सोपा होता. काचेच्या बशीत जंतू पेरायचे, वर दोन कागदी चकत्या ठेवायच्या. एक अर्कात बुडवून वाळवलेली, दुसरी नुसत्या स्पिरिटात — ही कोरी, लॅबच्या भाषेत ब्लँक. दुसऱ्या दिवशी अर्काच्या चकतीभोवती स्वच्छ कडं दिसायला हवं, कोरीभोवती काहीच नको. कोरीभोवतीही कडं आलं, तर अर्कानं काही केलं असं म्हणता येत नाही.

प्रोफेसर सोमवारी येणार. रविवारी बशा लावायच्या होत्या. नलू म्हणाली, "तुम्ही चला न सोबत. माझे हात कापून राहिले."

गेलो. कोऱ्या चकत्या तिनं माझ्याच हाती दिल्या — केमिस्ट नवरा, आणखी कुणावर विश्वास ठेवायचा? ती बशा आणायला आतल्या खोलीत गेली. टेबल पुसायचं जंतुनाशक कार्बोलिक समोर होतं. सगळ्या लॅबला त्याचाच वास, संशय कुणाला येणार? मी... एकदाचं सांगून टाकतो. प्रत्येक कोऱ्या चकतीला त्याचा थेंब लावला. माझे हात कापले नाहीत.

सोमवारी प्रोफेसरांनी बशी उजेडात धरली. कडं दोन्हींभोवती होतं. "बेटी, आपका तो ब्लैंक ही साफ़ नहीं है," एवढंच म्हणाले आणि उठले.

पुढे तिनं पुन्हा लावून पाहिलं. नीट आलं. पण नागपूरची जागा तोवर दुसऱ्या कुणाला गेली होती, आणि नलूचा स्वतःच्या हातांवरचा भरवसाही गेला होता. तिनं ते काम सोडलं आणि शाळेत नोकरी धरली.

त्या सोमवारी, खिडक्यांना काळे कागद लावलेल्या आमच्या खोलीत ती रडली. मी पाठीवरून हात फिरवत होतो. खोटं कशाला बोलू — मला बरं वाटलं. बऱ्याच दिवसांनी जेवण गोड लागलं.

कुणी म्हणेल, बायको दूर जाईल म्हणून घाबरलास. नाही हो. ती माझ्या पुढे जाईल, हे मला सोसवत नव्हतं. दुसरं काही नव्हतं.

आता आम्ही दोघंही म्हातारे झालो. काल अंगणात ती शेजारच्या सुनेला तीच गोष्ट सांगत होती. "चूक माझीच होती," म्हणाली, "पण यांनी मला कधी एका शब्दानं बोल लावला नाही."

मी आत चहा पीत होतो. पिऊन कप खाली ठेवला.