रामजीच्या दाताचा स्क्रू

२०२४ साल. मी शहात्तर वर्षांचा, रामजी माझ्याहून दोन वर्षांनी मोठा. त्याच्या मुलाचा, विलासचा, फोन आला तेव्हा मी गोठ्यात होतो. "काका, माणगावच्या पुढं गाडीतच बाबा गेले..." म्हैस पाण्यासाठी दावं ओढत होती, ते सोडायचंही मला सुचलं नाय.

मी चौथी शिकलेला माणूस. लिहायची सवय नाय, पण हे दुसऱ्याकडून लिहून घेणार नाय.

पोलादपूरच्या वरच्या अंगाला आमची घरं शेजारी शेजारी. रामजीला खाण्याची भारी हौस. दात पडल्यावर भाकरी कालवणात बुडवून गिळायचा आणि घरच्यांवर चिडायचा. विलासनं त्याला महाडच्या दातांच्या डॉक्टरणीकडं नेलं. तिनं खालच्या जबड्याच्या हाडात दोन स्क्रू बसवले, काही महिन्यांनी त्यावर दात चढवले. त्या संध्याकाळी माझ्या अंगणात येऊन रामजी सुकं खोबरं चावत बसला. मी म्हटलं, "लोखंड घातलंस तोंडात, गंजशील."

"तुझे सगळे शाबूत हायत रे, पण त्यातनं एक शब्द गोड निघत नाय!"

वर्षभरानं हिरडीतून पू यायला लागला. तंबाखूची मिश्री लावायची सवय काय त्याची सुटली नव्हती. मीच त्याला एसटीनं महाडला नेलं. डॉक्टरीण म्हणाली, "आजोबा, एका स्क्रूवर जंतूंनी थर धरलाय. चूळ भरून तो निघत नाही, आतलं हाड जातंय. गोळ्या पूर्ण घ्या. आठवड्यानं स्क्रू काढू."

माझ्या नातीच्या वयाची पोर. बसवला तिनंच, आता काढणार तीच! गोळ्यांनी रामजीच्या पोटात आग पडायला लागली तसा मी म्हटलं, "उष्ण पडतायत, बंद कर. सवला जाऊ." लहानपणी माझी खरूज सवच्या गरम झऱ्यावर बरी झाली होती... तेवढ्यावर माझा भरवसा. तीन दिवस गेलो. तो गरम पाणी गालात धरून बसायचा. "बरं वाटतंय रे," म्हणायचा. माझं मन राखत असेल. चौथ्या दिवशी सूज गळ्यात उतरली, जीभ वर आली, थुंकी गिळता येईना. महाडच्या इस्पितळात म्हणाले, मुंबईला न्या.

तेराव्याची जेवणं उरकल्यावर विलास चार माणसांत म्हणाला, "त्या डॉक्टरणीला मी सोडणार नाय. काका तिथं बरोबर होते, ते सांगतील." सगळे माझ्याकडं बघायला लागले. मी होय म्हणून मान हलवली. चुकलो असं मी जन्मात कुणापुढं म्हटलं नव्हतं...

दुसऱ्या दिवशी सकाळी विलास महाडला निघायला बुटाची नाडी बांधत होता. मी त्याच्या पायरीवर जाऊन बसलो. "थांब," म्हटलं, "आधी आईला बाहेर बोलाव." वहिनी आल्या. गोळ्या कुणी बंद करायला लावल्या, ते मी दोघांना सांगितलं.