चिंध्याबुवाचे बेट

आमच्या जालना जिल्ह्यात माझ्या साडूंइतका सज्जन आणि त्यांच्याइतका बेकायदेशीर मनुष्य दुसरा सापडणार नाही, हे मी कोणत्याही न्यायालयात शपथेवर सांगेन. नव्वद सालानंतरची गोष्ट. अंबडकडच्या एका तलावाच्या पाण्याने जुन्या टेकाडाचे बेट केले होते. निवृत्त होताच या गृहस्थांनी त्या सरकारी बेटावर, कसलीही परवानगी न घेता, वेडी बाभूळ मुळासकट उपटण्याचा आणि जुनी गावरान झाडे परत येतात की नाही हे पाहण्याचा उद्योग मांडला. हिवर, पळस, धावडा यांचे रोप दिसले, की शेजारी काठी रोवून तिला आमच्या मेहुणीच्या लुगड्याची लाल चिंधी बांधायची आणि पुढल्या खेपेस शिंप्याच्या टेपने उंची मोजायची. त्यातही पहिल्या उगवलेल्या हिवरावर त्यांचा जीव. मेहुणी तापाने फणफणली असता हे उशाशी बसून म्हणाले, "अगं, हिवराचीही पानं झडली होती. पण जीव धरला त्यानं." मेहुणी बरी झाली, मात्र दिवाळीपर्यंत बोलली नाही.

उन्हाळ्यात पाणी ओसरले, की बेट काठाला जुळे आणि शेळ्या वर चढून सारे फस्त करीत. जनावरांच्या अतिक्रमणाबाबत मी अर्जांवर अर्ज केले. साडू म्हणत, "वकीलसाहेब, तुमचे अर्जही शेळ्याच खात असतील." मी वकील नाही, हे ते पूर्णपणे जाणतात.

एका श्रावणात होडीवाल्याने आम्हांला काठावरच अडवले. "चपला हितंच काढा, मालक. वर देव हाय." चिंध्या पाहून लोकांनी ते नवसाचे ठिकाण ठरवले होते, देवाचे नाव चिंध्याबुवा. कडकडीत नास्तिक असलेले साडू म्हणाले, "बाबा रे, त्या खुणा मी बांधल्यात." होडीवाला शांतपणे म्हणाला, "बराबर हाय. पण तुम्हाला बुद्धी कुणी देल्ती?"

माझा संताप अनावर झाला. जलाशयाच्या संपादित क्षेत्रात विनापरवाना देव उत्पन्न झाला असून त्यास तत्काळ हटवावे, अशी लेखी हरकत मी कचेरीत दाखल केली. कारकुनाने ती परत सरकवली. "काका, प्रतिवादीच्या बापाचं नाव राह्यलं."

उन्हाळा आला. आम्ही धास्तावून तलावावर गेलो, तर शेळ्या काठावरच, आणि त्यांची मालकीण काठी आडवी धरून उभी. "न्हाई सोडत वर. बुवाचं रान हाय ते." मी कारणे न देता हरकत मागे घेतली.

आता साडूंचे गुडघे गेले. यंदा त्यांनी टेप देऊन मलाच धाडले. "फक्त तो पहिला हिवर मोजून या." कायद्यात तशी तरतूद नसता मी चपला काढून वर गेलो. जिकडे पाहावे तिकडे हिवर, आणि प्रत्येकाला नवसाची लाल चिंधी. त्यांचा कोणता, ते शेवटपर्यंत कळेना.

"केवढा झाला?" त्यांनी दारातच विचारले.

"टेप पुरली नाही," मी म्हणालो. हे मात्र शपथेवर सांगणार नाही.

मी टेप परत दिली. तिच्या गुंडाळीवरचा दोरा सुटलेलाही नव्हता. त्यांनी तो पाहिला, बोट फिरवले, आणि म्हणाले, "बरं झालं, वकीलसाहेब. चहा घेता ना?"