जुळलेली मोजणी

जुन्या शहरात त्यांना नावाने हाक मारणारं कुणी उरलं नव्हतं. लहानथोर सगळे छत्रीवालेच म्हणत. ऊन असो वा ढग, त्यांच्या हातात एक पिवळी छत्री असे. डोक्यावर धरायला नव्हे, मिटून गर्दीच्या वर उंच धरायला. कोटाच्या दरवाजापासून नदीवरच्या दगडी पुलापर्यंत पाहुण्यांना पायी फिरवून शहर दाखवायचं, हा त्यांचा धंदा. लग्नाआधी धरलेला, आता घरात जावई आला तरी सुटला नव्हता.

जावई समजूतदार होता, पण जेवायला आला की तोच विषय काढी. हल्ली लोक कानात यंत्र घालून एकटे फिरतात, तुम्ही गुडघ्यांना जरा आराम द्या, असं त्याचं म्हणणं. छत्रीवाल्यांचं उत्तर ठरलेलं असे, "यंत्र मागे वळून बघतं का?" त्यावर बायको स्वयंपाकघरातून म्हणे, "तुम्ही तरी घरात कुठे वळून बघता?"

फेरी सुरू करताना ते एक गंमत आणि एक सूचना न चुकता सांगत. गंमत अशी, की आजवर मी एकही माणूस हरवलेला नाही. हरवला असेल, तर तक्रार करायला तो परत आलेला नाही. आणि सूचना अशी, की मागे पडलात तर थांबू नका, सरळ पुढे चालत या, मी पुढेच असतो. बाजारात थांबलेल्या माणसाला दुकानदार आत ओढतात आणि मग तो लवकर हाती लागत नाही, म्हणून ही सूचना. इतक्या वर्षांत तिने कुणाचं वाईट केलं नव्हतं.

त्या दिवशीच्या घोळक्यात पिकल्या केसांच्या एक बाई होत्या. एकट्याच आलेल्या, हातात काठी. छत्रीवाल्यांनी सवयीने आजी म्हटलं, तर त्या शांतपणे म्हणाल्या, "आजी मी माझ्या नातवंडांची. तुम्ही बाई म्हणा." सगळे हसले, छत्रीवालेही हसले आणि मग त्यांना विसरले. सर्वांत मागे चालणारी, काही न विचारणारी माणसं अशीच विसरली जातात.

दरवाजा झाला, मग टाकं आलं. बाजाराच्या पोटात, जमिनीखाली बांधलेलं पाण्याचं जुनं टाकं. दगडी खांबांच्या रांगा आणि पाण्याच्या कडेने जाणारी अरुंद वाट. वाटेला कठडा आहे, पण शेवटच्या वळणावर तो ढासळल्यामुळे तिथे नुसता दोर बांधला होता. त्याच वळणापलीकडच्या खांबावर एक मासा कोरलेला आहे. पूर्वी छत्रीवाले सगळ्यांना तिथपर्यंत नेत; हल्ली गुडघ्यांमुळे लांबूनच छत्रीचं टोक रोखून दाखवत. त्या दिवशी तर रखवालदार वर दारात किल्ल्या वाजवत होता, कारण दुपारच्या जेवणाला टाकं बंद व्हायचं.

वर आल्यावर त्यांनी डोकी मोजली. आकडा जुळला. मिटलेली छत्री दोनदा वर झाली. सगळे आले, अशी ती रखवालदाराची आणि त्यांची जुनी खूण. रखवालदाराने दिवे मालवले, लोखंडी दाराला कुलूप घातलं आणि सायकलवर टांग टाकली.

घड्याळाच्या मनोऱ्याखाली छत्रीवाले रंगात आले. टाक्यातला मासा कुणाकुणाला दिसला, असं त्यांनी विचारलं. बरेच हात वर झाले. चौकड्यांच्या शर्टातल्या एका माणसाने मात्र विचारलं, "कसला मासा?"

"अहो, खांबावरचा. आत्ता नाही का पाहिला?"

"मी कुठे आत आलो होतो? बायको शिंप्याकडे माप देतेय. म्हटलं, तोवर जरा ऐकावं. टाक्याच्या दारापासून आहे मी तुमच्याबरोबर."

असे फुकट ऐकणारे प्रत्येक फेरीला चिकटतात आणि छत्रीवाले त्यांना कधी हाकलत नसत. पण हा माणूस मोजणीत आला होता. म्हणजे एक डोकं जास्त भरायला हवं होतं, आणि ते भरलं नव्हतं. त्यांनी एकेक चेहरा पाहिला. मग चेहरे सोडून हात पाहायला लागले. कुणाच्याही हातात काठी नव्हती.

दिवे गेले म्हणून बाई जागच्या जागी थांबतील, असं मानायलाही जागा नव्हती. थांबू नका, सरळ पुढे चालत या, हे त्यांनीच सांगितलं होतं. आणि टाक्यात सरळ पुढे म्हणजे तो दोर, आणि दोरापलीकडे पाणी.

ते धावत टाक्याशी आले. वाटेतच रखवालदाराला फोन लावला होता; तो टाक्याच्या दाराशेजारी, त्याच्या कुलूप घातलेल्या चौकीत वाजत होता. लोखंडी दार हलवून पाहिलं, दगड मारून पाहिला. कुणीतरी अग्निशमन दलाला कळवलं, पण त्यांची गाडी या गल्ल्यांत शिरत नाही हे बाजारात सगळ्यांना ठाऊक होतं. तेवढ्यात चौकडीवाला धापा टाकत येऊन म्हणाला, माझी स्कूटर इथेच आहे, रखवालदाराचं घर सांगा. पुलापलीकडे, लाकडाच्या वखारीमागे, निळं दार, असं छत्रीवाल्यांनी सांगितलं. तो निघाला आणि जाता जाता ओरडला, की कुणीतरी माझ्या बायकोला सांगा.

टाक्याचं पाणी पूर्वी वरून शेंदून काढत. त्यासाठी बाजारात ठेवलेलं टाक्याचं तोंड आता जाळीने बंद केलेलं होतं आणि जाळीवर भांडीवाल्याने पातेल्यांच्या उतरंडी लावल्या होत्या. या भांडीवाल्याशी छत्रीवाल्यांचं फार जुनं वाकडं. तुमचे पाहुणे दारात उभे राहतात आणि माझी गिऱ्हाइकं रस्त्यावर राहतात, ही त्याची रोजची ओरड. छत्रीवाले न विचारता त्याची पातेली उचलायला लागले, तसा तो म्हणाला, "आता फेरी थेट दुकानातून काढणार वाटतं?"

"खाली बाई आहेत," छत्रीवाले म्हणाले.

भांडीवाल्याने एकेक पातेलं उचलून आवाज न करता बाजूला ठेवलं. छत्रीवाले पालथे पडले आणि त्यांनी जाळीला कान लावला. आधी नुसतं पाणी. मग काठी दगडावर टेकल्याचा आवाज आला. थोड्या वेळाने पुन्हा आला. बाई चालत होत्या.

"बाई, थांबा. पाऊल टाकू नका."

काठी थांबली. खालून घुमत आवाज आला, रागावलेला. "तुम्हीच म्हणालात, थांबू नका."

"माझं चुकलं. आता थांबा. हाताला भिंत लागते का?"

"डाव्या हाताला लागते." मग जरा थांबून बाई म्हणाल्या, "काठी पुढे टेकतेय, तर काहीच लागत नाही."

छत्रीवाल्यांनी शक्य तितक्या सावकाश सांगितलं, की काठी मागे घ्या, पाठ भिंतीला लावा, आणि तशाच घसरत खाली बसा. बसले तर मला उठता यायचं नाही, असं बाईंचं म्हणणं. उठवायला मी येतो, असं यांनी सांगितलं. कापड दगडाला घासल्याचा आवाज बराच वेळ येत राहिला आणि थांबला.

"बोलत राहा," बाई म्हणाल्या. "तुम्ही गप्प झालात की पाणी ऐकू येतं."

छत्रीवाल्यांनी टाक्याचा इतिहास सुरू केला. हे मघाशी ऐकलंय, दुसरं सांगा, असं खालून आलं. दुसरं काय सांगायचं, हे त्यांना सुचेना. सगळ्या शहराची हकीकत तोंडपाठ, आणि स्वतःची कधी कुणी विचारली नव्हती. मग त्यांनी जे आलं ते सांगितलं. वडील याच बाजारात हमाली करत. पहिल्या फेरीला छत्रीवाले स्वतः इतके घाबरले होते, की मनोऱ्याऐवजी शेजारच्या धान्याच्या कोठाराची माहिती सांगून बसले. एका फेरीला एक मुलगी भावाबरोबर आली होती आणि तिने प्रश्न विचारून भंडावून सोडलं होतं. तिच्याशीच पुढे लग्न झालं. त्यानंतर ती फेरीला कधी आली नाही. म्हणजे यांनी कधी नेलीच नाही.

"आणि मासा लांबून का दाखवता?" बाईंनी विचारलं. "मला तो नीट बघायचा होता. तुमची घाई."

गुडघे दुखतात, असं त्यांनी खरं ते सांगितलं. खालून उत्तर आलं नाही. त्यांनी हाक मारली. पुन्हा मारली. बोलवत नसेल तर काठी आपटा, असं ते जाळीला तोंड लावून म्हणाले. भांडीवाला शेजारी येऊन उकिडवा बसला होता. त्याने नकळत छत्रीवाल्यांचा दंड धरला. मग काठी वाजली, अगदी हलकी.

ते काठी वाजवायला सांगत राहिले आणि दर वेळी आवाज अधिक उशिरा येत राहिला. अखेर स्कूटर आली. रखवालदार उष्ट्या हातानेच आला होता आणि त्याला किल्ली भोकात घालता येईना. छत्रीवाल्यांनी ती हिसकावून घेतली. जिना ते कसे उतरले हे त्यांना पुढे कधी आठवलं नाही.

दिवे लागले. दोर एका टोकाने सुटून पाण्यात पडला होता. बाई भिंतीला टेकून बसल्या होत्या, डोळे मिटून, काठी छातीशी धरून, आणि त्यांच्या चपलांची टोकं काठाच्या बाहेर होती. छत्रीवाल्यांनी आधी त्यांचे पाय आत ओढले, मग हात दिला. हात गारठलेला होता.

वर, भांडीवाल्याच्या स्टुलावर बसून बाई पाणी प्यायल्या. मग त्याच शांत आवाजात म्हणाल्या, "आले हो परत. तक्रार करायला."

हसल्या त्या एकट्याच. छत्रीवाले पायरीवर बसून राहिले.

धंदा सोडायचा, असं त्यांनी संध्याकाळी घरी सांगून टाकलं आणि का सोडायचा तेही सांगितलं. बायकोने सगळं ऐकून घेतलं. "उद्या मला न्या," ती म्हणाली. "मग काय सोडायचं ते सोडा."

दुसऱ्या दिवशी पिवळी छत्री बायकोच्या हातात होती आणि ती पुढे चालत होती. भांडीवाल्याने तिला पाहून, बरं झालं, आता तरी वेळेवर पुढे सरकाल, असा टोमणा मारला. पण जाळी त्याने मोकळी ठेवली होती. छत्रीवाल्यांनी ती गंमत सांगितली नाही. सूचना मात्र सांगितली, बदलून. मागे पडलात तर असाल तिथेच थांबा; मी मागे असतो.

टाक्यात ते शेवटच्या खांबापर्यंत गेले. सगळे वर आल्यावर रखवालदाराला म्हणाले, सगळे आले. रखवालदाराने दिव्याच्या बटणावर हात ठेवून विचारलं, "नक्की?"

छत्रीवाल्यांनी त्याच्याकडे पाहिलं, जिन्याचा कठडा धरला आणि ते पुन्हा एकदा खाली उतरले.