एका जागी जमावे

फोन उचलल्यावर दादा 'हॅलो' म्हणत नसत. 'वारा कुठनं?' असं विचारत. पलीकडे चौकीतला हवालदार असो, टपरीवाला असो की लांज्याहून बोलणारे त्यांचे सासरे असोत, पहिला प्रश्न तोच.

"वारा? अहो सायेब, टँकर आडवा झालाय! माणसां पळतायत!"

"पळतायत ना? मग तोंडं कुठं करून? बाहेर जाऊन बघ आणि सांग."

तो बिचारा बाहेर जाऊन बघून येई. तेवढ्यात त्याचा जीव ताळ्यावर येई आणि पुढचं तो नीट सांगे. दादा ते मुद्दाम करत होते, हे मला बऱ्याच उशिरा कळलं.

रत्नागिरीबाहेरच्या औद्योगिक वसाहतीत आमचा रसायनांचा कारखाना होता. मी माल रवाना करण्याच्या खात्यात हेडक्लार्क आणि दादा सेफ्टीचे. बाहेरची टेलिफोन लाइन माझ्या टेबलावर होती, म्हणून त्यांची खुर्चीही तिथेच आली. 'दादा' हे काही त्यांचं नाव नव्हे. मॅनेजरपासून सगळे त्यांना तसं म्हणत. नाव छापलेलं त्यांना आवडलं नसतं, म्हणून इथेही दादाच.

धंद्याची सवय घरी नेणारी माणसं तुम्हीही पाहिली असतील. दादा लग्नाला गेले की आधी मांडवाची दारं मोजत. टपरीवर चहा प्यायचा तर स्टोव्हच्या कुठल्या बाजूला बसायचं हे ते ठरवत. वहिनी म्हणत, "भजी तळताना मी यांना घरात घेत नाही. तेल तापायच्या आधी माती आणून ठेवतात शेजारी."

त्या काळी महामार्गावर रसायनांची गाडी उलटली तर काय करायचं हे सांगणारं आमच्या टापूत दुसरं कोणी नव्हतं. गाडी कोणाचीही असो, पोलीस आम्हालाच फोन करत. मी नोंद ठेवत असे. चार वर्षांत एकोणीस फोन आले आणि त्यांतल्या फक्त तीन गाड्या आमच्या. मॅनेजर कुरकुरत, "दुसऱ्यांच्या गाड्यांसाठी आपली जीप का?"

"वास बिल्टी बघून येत नाही, साहेब," दादा म्हणत आणि जीपची किल्ली घेत.

एकदा पालीच्या पुढे ॲसिडचा टँकर कलंडला. आम्ही पोहोचलो तर लोक हंडे, कळश्या, डबे घेऊन उभे. घासलेट सांडलंय असा त्यांचा समज. दादांनी सांगितलं, ओरडून सांगितलं, कोणी ऐकेना. एक म्हातारा म्हणाला, "आमाला नको म्हनतोस, मागनं तू नेशील!" दादांनी पायातली नवी कातडी चप्पल काढली, काठीने त्या ओहोळात ढकलली आणि पाच मिनिटांनी काठीवरच वर धरली. ती काळी होऊन लोंबत होती. हंडे मागे सरले. दादा एका पायात चप्पल घालून ऑफिसात आले आणि दिवसभर तसेच वावरले. "उरलेली टाकवत नाही हो," म्हणाले.

भोपाळनंतर दादांनी महामार्गालगतच्या गावांसाठी एक कार्ड तयार केलं. सात ओळी, साधं मराठी. मजकूर त्यांचा, अक्षर माझं, सायक्लोस्टाइल कारखान्याचं. सहा ओळी झाल्या तेव्हा मी म्हटलं, "दादा, माणसं पांगली तर कोण राहिलं ते कळणार कसं? मोजणी हवी." त्यांना पटलं. मग मीच सातवी ओळ लिहिली : 'घाबरू नये. सर्वांनी एका जागी जमावे व मोजणी करावी.' मला ती ओळ आवडली होती. तीनशे प्रती आम्ही वाटल्या.

दुसऱ्या वर्षी मार्गशीर्षात सकाळी सव्वादहाला फोन आला. निवळीच्या पलीकडे उतारावर ट्रक उलटला होता. त्यात क्लोरीनचे टनर होते, म्हणजे आडवी ठेवलेली जाड लोखंडी पिंपं. एकाचा व्हॉल्व्ह मोडला होता.

"वारा कुठनं?"

"वाराच नाय, सायेब. पान हालत नाय."

दादांनी फोन ठेवला आणि पहिल्यांदाच मला म्हणाले, "तुम्ही चला. माणसं मोजायला लागतील."

जीपमध्ये ते, फिटर, मी आणि दोन मास्क. पस्तीस मिनिटं लागली. क्लोरीन हवेहून जड, वारा नसला की पाण्यासारखा उतार धरतो. ट्रक रस्त्यावर होता आणि वाडी रस्त्याखालच्या खोलगटात. तिथे तेवीस घरं होती. आम्ही बाजूने उतरलो तर सगळी दारं उघडी आणि आत कोणी नाही. एका पडवीत आमचं कार्ड खिळ्याला लावलेलं होतं.

"एका जागी जमलीत," दादा म्हणाले. त्यांचा चेहरा उतरला. "देवळात."

आमच्याकडे गावावर संकट आलं की माणसं ग्रामदेवतेसमोर जमतात आणि गाऱ्हाणं घालतात. आम्ही दोघेही कोकणातल्या गावांतलेच. जमायची एकच जागा सांगितली तर गाव कुठे जाईल हे आम्हाला कार्ड लिहिताना कळायला हवं होतं. देऊळ वाडीच्याही खाली, पऱ्ह्याच्या, म्हणजे ओढ्याच्या, काठाला होतं. वरून पाहिलं तर सगळ्यात खालच्या घराच्या जोत्यापाशी फिकट हिरवट पिवळा थर येऊन देवळाकडे सरकत होता, भाताच्या पेजेवर साय धरावी तसा.

फिटर एक मास्क लावून ट्रककडे गेला. दादांनी दुसरा लावला, मला कडेच्या पायवाटेवर उभं केलं आणि खाली गेले. तिथून देऊळ मला दिसत होतं आणि आवाजही येत होता. गुरव गाऱ्हाणं घालत होता, लोक खोकत खोकत 'व्हय म्हाराजा' म्हणत होते. दादांनी हात हलवले, वर बोट दाखवलं. मास्कमधून त्यांचं बोलणं कोणाला समजेना. गुरवाने हाताने थांबवलं.

"गाऱ्हाना अर्धा टाकून जायचा कसा, सायेब? देवाचा काम हाय."

तेव्हा दादांनी मास्क काढला.

ते गुरवाशेजारी देवासमोर उभे राहिले, हात जोडले आणि गाऱ्हाणं पुढे चालू केलं. त्यांचा आवाज फोनवर असे तसाच खणखणीत होता.

"बा देवा म्हाराजा! आज तुझ्या लेकरांवर इडापिडा आलीय रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"आज तुला हितं बसायचा नाय. लेकरांना घेऊन सड्यावर चल रे म्हाराजा!"

मग एका बाईने आधी म्हटलं, पाठोपाठ सगळ्यांनी, "व्हय म्हाराजा!"

देवासमोर हो म्हटल्यावर मागे राहणं नाही. गुरवाने देवाची रुपं उचलून उपरण्यात घेतली आणि तो निघाला. रुपं म्हणजे देवाचे चांदीचे मुखवटे, एरवी ती शिमग्यालाच बाहेर निघायची. देव चालू लागल्यावर गाव थांबतं होय? पदर आणि टॉवेल ओले करून तोंडाला लावायला सांगत दादांनी सगळी वाडी माझ्यासमोरून सड्यावर, वाडीवरच्या उघड्या कातळी माळावर, चढवली.

शाळेच्या गुरुजींनी वाडीची माणसं चौऱ्याण्णव सांगितली. दोघं रत्नागिरीच्या बाजाराला गेली होती. मी दोनदा मोजली. एक्क्याण्णव भरली.

"एक कमी आहे, दादा."

"काकी!" एक सून किंचाळली. "तिला ऐकू येत नाय! ती देवाच्या मागं बसली व्हती!"

दादा पुन्हा उतरले. मास्क देवळातच राहिला होता. मी हाक मारली, पण थांबा म्हटलं नाही. काय म्हणून हाक मारली हे अजून मला सांगता येत नाही. बारा मिनिटांनी ते म्हातारीला पाठीवर घेऊन वर आले. तिला जांभ्या दगडावर टेकवलं, माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, "भरली?"

"भरली," मी म्हटलं.

तोवर फिटरने गळती बंद केली होती. म्हातारी तिसऱ्या दिवशी सरकारी दवाखान्यात वारली. दादा शेजारच्याच वॉर्डात होते. त्यांना कोणी सांगितलं नाही, पण सून रडत गेली ते त्यांनी ऐकलं.

कारखान्यात चौकशी झाली. साहेबांनी कार्ड पुढे ठेवलं आणि विचारलं, ही सातवी ओळ कोणी सुचवली? मी उठायच्या आत दादा म्हणाले, "मजकूर माझा आहे." अक्षर माझं होतं हे साहेबांना दिसत होतं, पण अक्षराला कोण विचारतो? मी बसून राहिलो. जिन्यात मी काही बोलायला गेलो तर म्हणाले, "राहू द्या. मोजणी केली म्हणून म्हातारी राहिल्याचं कळलं. ओळ अर्धी बरोबर होती."

त्यांचा श्वास परत भरला नाही. जिन्याच्या अकरा पायऱ्यांत ते दोनदा थांबत. डॉक्टरांनी धूळ, दगदग वर्ज्य सांगितली. दादांनी नवं कार्ड केलं आणि त्यात सातवी ओळ कोरी सोडली. ती गावात जाऊन भरायची. देऊळ कुठे आहे, शाळा कुठे, खोलगट कुठला, उंचवटा कुठला, हे विचारून त्या गावापुरती जागा लिहायची. महामार्गालगतची त्रेचाळीस गावं आणि वाड्या त्यांनी एका वहीत उतरवल्या आणि दर रविवारी एसटीने निघू लागले. वहिनी माझ्याकडे येऊन म्हणाल्या, "भावजी, तुम्ही तरी सांगा." मी सांगितलं. "तुम्ही येता का सोबतीला?" दादांनी उलट विचारलं. रविवारी मला घरची कामं असत, मासळी आणायची असे. मी दोनदाच गेलो.

एकतीस गावं झाली. श्रावणात ते गेले. शेवटचे आठ दिवस बोलवत नव्हतं. भेटायला गेलो की ते बोटांनी बारा दाखवत, आधी दहा, मग दोन. वहिनींना वाटे औषधाची वेळ विचारतात.

भाद्रपदात गणपती झाल्यावर वहिनींनी वही माझ्या हातात दिली. पहिल्या रविवारी मी बत्तिसाव्या गावाला उतरलो. पानावर त्यांनी आधीच गावाचं नाव लिहून ठेवलं होतं आणि त्याखाली 'देऊळ :' एवढंच.

पडवीत एक बाई सुपात तांदूळ निवडत होती. मी विचारलं, "काकी, तुमचं देऊळ कुठे?"

"ता काय, खाली. पऱ्ह्यावर." सूप न ठेवता तिने हनुवटीने दाखवलं.

मी ते लिहून घेतलं. मग तिला विचारलं, "आणि सड्यावर जायची वाट?"