चारशे बारा

बाबूजींनी मला शाळेत एकदाही नावाने हाक मारली नाही. "ए चारशे बारा, इकडे ये बे!" असं व्हरांड्यातून ओरडत. चिखली तालुक्यातल्या आमच्या शाळेचे ते कारकून. दाखल रजिस्टरातला प्रत्येकाचा नंबर त्यांना तोंडपाठ. माझे वडील एकदा भांडायलाच आले, "माह्या पोराले कैद्यावानी नंबर काऊन लावता?"

"तुमच्या गावात गजानन किती हायेत, पुंडलिकराव?"

वडील बोटांवर मोजू लागले आणि दोन्ही हात संपल्यावर हसून परत गेले.

शेगावच्या महाराजांवरच्या भक्तीमुळे आमच्याकडे घरोघरी गजानन. आडनावं गावात तीन-चारच. जन्मतारीख आईबापांना ठाऊक नसे, गुरुजी सरसकट एक जुलै लिहीत. त्यामुळे माझंच नाव, बापाचं तेच नाव, तेच आडनाव आणि तीच जन्मतारीख असलेला आणखी एक गजानन माझ्या वर्गात होता. तो चारशे एकोणतीस. सातवीत शाळा सोडून तो शेतात गेला.

बाबूजी म्हणत, "नावाले अर्थ अस्ते, म्हणून ते बदलते. लगन झालं का बदललं, दत्तक गेला का बदललं. नंबराले कायचाच अर्थ नाही. म्हणून तो टिकते."

पुण्याहून आलेल्या नव्या मुख्याध्यापकांना हे अमानुष वाटलं. त्यांनी आम्हा मुलांकडून नंबर बंद करण्याचा अर्ज घेतला. पहिली सही माझी. त्या सहीची मला आजही चीड येते. नंबर बंद झाले. नाव, बापाचं नाव, जन्मतारीख एवढी ओळख पुरे, असा हुकूम निघाला. "पुरत नाही हो, सर," बाबूजी म्हणाले. सरांनी त्यांच्या बोलण्याची नक्कल करून सगळ्यांना हसवलं. मग सर स्वतः नवं रजिस्टर लिहायला बसले. दोन सारखे गजानन दिसले, तेव्हा एकच मुलगा दोनदा लिहिला गेलाय असं ठरवून त्यांनी माझी ओळ गाळली. मी समोरच्या वर्गात बसलो होतो. मला कुणी विचारलंसुद्धा नाही!

मॅट्रिक होऊन अमरावतीच्या कॉलेजसाठी दाखला मागितला, तर रजिस्टरात उरलेली ओळ त्या दुसऱ्या गजाननाची, म्हणजे मी सातवीतच शाळा सोडलेली. "रेकॉर्डबाहेर मी जाऊ शकत नाही," सर म्हणाले. प्रवेशाला दोन दिवस उरले होते. बाबूजी सायकलवर घरी गेले आणि जुनं रजिस्टर घेऊन आले. रद्दीत घालायला सांगितलेलं ते त्यांनी जपून ठेवलं होतं. "हा चारशे बारा. हा चारशे एकोणतीस. पाहा."

मला दाखला मिळाला. बाबूजींना शाळेचं दप्तर घरी नेलं म्हणून कामावरून काढलं. सरांची चूक कुठेच लिहिली गेली नाही.

घरातला पहिला पदवीधर होऊन मी पेढे घेऊन अमडापूरला त्यांच्याकडे गेलो. त्यांची नजर गेली होती.

"कोण हाये?"

"गजानन."

"कोणता?"

"चारशे बारा, बाबूजी."

त्यांनी हात धरून मला जवळ बसवलं. "पाचवीत गणिताच्या भेवानं नाल्यात लपला होता तू. तुही माय रडत आलती शाळेत." मीही ते विसरलो होतो. थोड्या वेळाने त्यांनी विचारलं, "आपलं जुनं रजिस्टर हाये ना रे शाळेत?"

माझा दाखला झाला त्याच दिवशी सरांनी ते बंबात घातलं होतं.

"आहे," मी म्हणालो, "कपाटात आहे."

"कुलूप लावतात ना?"

"लावतात, बाबूजी."